लॉनी जॉन्सन : वेगळ्या यादीत विकला गेलेला गिटारवादक

१९२८ आणि १९२९ या दोन वर्षांत अमेरिकेतील ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीने दोन गिटारांच्या जुगलबंदीच्या काही तबकड्या तयार केल्या. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर दोन नावे छापलेली असत : लॉनी जॉन्सन आणि ब्लाइंड विली डन. त्यातले पहिले नाव खरे होते. दुसरे साफ खोटे होते. ब्लाइंड विली डन नावाचा कोणी अंध कृष्णवर्णीय वादक जगात नव्हताच. त्या नावामागे एडी लँग बसले होते. ते इटालियन कुटुंबातले, डोळस, गोरे आणि त्या काळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये सर्वांत जास्त मागणी असलेले गिटारवादक होते.

हा उद्योग कशासाठी? एका काळ्या आणि एका गोऱ्या माणसाने एका खोलीत बसून वाजवले, हे छापायची सोय नव्हती. शिवाय ही तबकडी कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या यादीत विकायची होती. त्या यादीत शिरायचे तर नाव काळ्या माणसाचे वाटले पाहिजे. खोली भाड्याने मिळावी म्हणून, नोकरी टिकावी म्हणून आडनाव गाळणारी, बदलणारी माणसे आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत. इथे चक्र उलटे फिरले होते. गोऱ्या माणसाला काळे नाव घ्यावे लागले. पण फरक लक्षात घ्या. काम संपले की लँग आपले खरे नाव घेऊन बाहेर पडू शकत होते, बिंग क्रॉस्बीसारख्या बड्या गायकाच्या साथीला बसू शकत होते. जॉन्सन यांना रंग उतरवून ठेवता येत नव्हता.

लॉनी जॉन्सन यांच्यावर मराठीत कोणी लिहावे असे त्यांचे आपल्याशी थेट नाते नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते कधी भारतात आले नाहीत. ते चळवळीतले नव्हते. पण बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. तेव्हापासून आपण त्या समाजाचे नेते वाचतो, कवी वाचतो. वादक मात्र आपल्या नजरेतून सुटतात. म्हणून हा लेख.

अलोन्झो जॉन्सन यांचा जन्म लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. घरात सगळेच वाजवणारे. वडिलांचा तंतुवाद्यांचा ताफा होता आणि लग्नसमारंभ, मेजवान्या, रस्त्याचा कोपरा, जिथे बोलावणे येईल तिथे हे कुटुंब वाजवायला जाई. आपल्याकडच्या वाजंत्री घरांची आठवण यावी असाच हा संसार. मुलगा आधी व्हायोलिन शिकला. मग गिटार, मँडोलिन, बँजो, पियानो. ताफ्यात ज्या वाद्याची जागा रिकामी पडेल ते उचलायचे, हे वळण तिथेच लागले असावे. मेजवानीला आलेल्या पाहुण्यांना काय हवे ते वाजवावे लागते. नाचाच्या चाली, गाजलेली प्रेमगीते, वॉल्ट्झ, सगळे. ब्लूज हा त्यातला केवळ एक प्रकार होता.

१९१७ च्या सुमारास ते एका संगीत-नाट्य मंडळीबरोबर इंग्लंडला गेले. १९१९ साली परत आले तेव्हा घर उरले नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जवळजवळ सगळे कुटुंब गेले होते. वाचला होता तो जेम्स हा भाऊ. आपल्याकडेही त्याच साथीने मुंबई इलाख्यात गावेच्या गावे ओस पाडली होती, आणि दोन्हीकडे मेलेल्यांत गर्दीच्या, ओलसर घरांत राहणारे जास्त होते.

दोघे भाऊ १९२१ साली सेंट लुइसला गेले. नदीच्या पलीकडच्या काठावर ईस्ट सेंट लुइस आहे. तिथे जुलै १९१७ मध्ये गोऱ्या जमावाने काळ्या कामगारांची वस्ती जाळली होती. मेलेल्या कृष्णवर्णीयांचा सरकारी आकडाच ३९ होता आणि खरा आकडा त्याहून बराच मोठा होता असे अभ्यासक मानतात. अशा मुलखात हा वादक पोट भरायला आला. मिसिसिपी नदीवरच्या सहलीच्या बोटींवर चार्ली क्रीथ आणि फेट मॅरेबल यांच्या ताफ्यात त्याने काम केले.

इथे थोडे रेकॉर्डच्या धंद्याविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. १९२० पर्यंत अमेरिकी कंपन्या काळ्या गायिकेचे ब्लूज रेकॉर्ड करायला तयार नव्हत्या. विकत घेणार कोण, असा त्यांचा प्रश्न. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून बाहेर पडून लंडनला गेले त्याला चार वर्षे झाली होती, तेव्हा त्याच न्यूयॉर्क शहरात ऑगस्ट १९२० मध्ये ओके कंपनीने मॅमी स्मिथ यांचे 'क्रेझी ब्लूज' रेकॉर्ड केले. तबकडी तुफान खपली. हॉटेलांत भांडी घासणाऱ्या, रेल्वेत सामान उचलणाऱ्या, परक्या घरी धुणी धुणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईतून ती घेतली. कंपन्यांना एकदम साक्षात्कार झाला की काळ्या माणसाच्या खिशातही पैसा असतो. मग त्यांनी वेगळी यादी काढली, वेगळे क्रमांक दिले, वेगळ्या जाहिराती दिल्या आणि त्या मालाला नाव दिले रेस रेकॉर्ड्स. तबकडीची किंमत साधारण ७५ सेंट. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला बहुधा एकदाच ठरावीक रक्कम मिळे, पुढच्या खपातला वाटा नाही, आणि गाण्याचा हक्क अनेकदा कंपनीच्या किंवा मध्यस्थाच्या नावावर जाई.

याच काळात, १९२१ साली, हॅरी पेस यांनी न्यूयॉर्कमध्ये काळ्यांच्या मालकीची ब्लॅक स्वॉन ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. डू बॉईस तिच्या संचालक मंडळावर होते. भजने, ऑपेरा, ब्लूज असे सगळे तिने छापले, पण भांडवलाअभावी दोन-तीन वर्षांत ती बुडाली. कॅसेटच्या जमान्यात भीमगीतांवर ज्यांनी पैसा केला ते बहुतेक कोण होते आणि गाणारे कोण होते, हे आठवून पाहिले तर ब्लॅक स्वॉनचे बुडणे ही आपल्याला परकी गोष्ट वाटणार नाही.

१९२५ साली सेंट लुइसच्या बुकर टी. वॉशिंग्टन थिएटरमध्ये ब्लूज गायनाची स्पर्धा लागली. आठवड्यांमागून आठवडे चालणारी ही स्पर्धा होती आणि जिंकणाऱ्याला ओके कंपनीचा करार मिळणार होता. जॉन्सन यांनी ती जिंकली. पुढे त्यांनी मुलाखतींतून स्पष्ट सांगितले की ब्लूजची फार ओढ होती म्हणून ते उतरले नव्हते. रेकॉर्डच्या स्टुडिओत शिरायला तेवढाच दरवाजा उघडा होता. ४ नोव्हेंबर १९२५ रोजी त्यांच्या पहिल्या तबकड्या झाल्या. त्यातल्या एका बाजूला त्यांची गिटार आहे, तर 'फॉलिंग रेन ब्लूज' या गाण्यात ते स्वतः व्हायोलिन वाजवतात. पण तबकडी खपली ती ब्लूज गायकाची म्हणून. झाले. त्या दिवसापासून ते ब्लूज गायक ठरले आणि पुढची ४५ वर्षे हा शिक्का निघाला नाही.

ओकेसाठी त्यांनी १९२५ ते १९३२ या काळात स्वतःच्या नावावर सुमारे १३० बाजू रेकॉर्ड केल्या. एवढे तर आहेच. पण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्याच काळात दुसऱ्यांच्या तबकड्यांवर त्यांनी केलेले काम. कंपनीने त्यांना जवळजवळ पगारी वादकासारखे वापरले. सेंट लुइस, शिकागो, न्यूयॉर्क, टेक्सासमधील सॅन अँटोनिओ, जिथे कंपनीचे यंत्र जाईल तिथे ते जात. समोर कोण गाणार आहे हे अनेकदा तिथे गेल्यावरच कळे.

त्या काळचे रेकॉर्डिंग म्हणजे काय होते याची आजच्या मुलांना कल्पना यायची नाही. वेगवेगळे ट्रॅक नाहीत, नंतर दुरुस्ती नाही. सगळे एका खोलीत, मेणाच्या गोल वडीवर सुई फिरते आहे आणि सुमारे तीन मिनिटांत आरंभापासून शेवटापर्यंत सगळे व्हायला हवे. एकाची चूक म्हणजे सगळ्यांची वडी वाया. १९२५ पर्यंत तर मायक्रोफोनही नव्हता. एका भोंग्यासमोर वाजवायचे, म्हणून आवाजाने दणदणीत बँजोला काम मिळे आणि गिटार कोपऱ्यात पडे. विजेचा मायक्रोफोन आला आणि गिटारचा बारीक सूर प्रथमच मेणात नीट उमटू लागला. जॉन्सन नेमके याच वेळी स्टुडिओत पोचले. नशीब म्हणा हवे तर. पण मायक्रोफोन आला तेव्हा त्याच्यासमोर ठेवण्याजोगे काहीतरी हातात असावे लागते.

ते काय होते? तोवर बहुतेक ठिकाणी गिटार ठेका धरायला होती. सगळ्या तारांवर हात फिरवायचा आणि गायकाला आधार द्यायचा. जॉन्सन नखीने एकेक तार छेडत, एकेका सुराची ओळ बांधत, जशी व्हायोलिनवर बांधतात. तार ओढून सूर वर चढवायचा, शेवटी त्याला बारीक कंप द्यायचा. हे सगळे व्हायोलिन वाजवणाऱ्या हाताचे संस्कार होते. आज इलेक्ट्रिक गिटारवर जो एकेरी सुरांचा सोलो ऐकून तुम्ही मान डोलावता, त्याच्या मुळाशी जाताना फार जणांचा रस्ता या माणसापाशी येतो. बी. बी. किंग यांनी आपल्या गुरुस्थानी त्यांचे नाव वारंवार घेतले. रॉबर्ट जॉन्सन यांच्या काही गाण्यांत तर चाल, सूर, गिटारची वळणे थेट लॉनी जॉन्सन यांची आहेत. आडनाव सारखे असल्यामुळे ते आपण यांचे नातेवाईक असल्याचेही सांगत.

आता कामाचा पल्ला पाहा. डिसेंबर १९२७, शिकागो. लुई आर्मस्ट्राँग यांच्या हॉट फाइव्ह या जॅझच्या ताफ्यात पाहुणा वादक म्हणून जॉन्सन बसले. 'हॉटर दॅन दॅट' या रेकॉर्डमध्ये एक जागा अशी आहे की बाकी सगळी वाद्ये गप्प होतात. आर्मस्ट्राँग शब्दांविना नुसत्या आवाजाने एक तान घेतात आणि गिटार तिला उत्तर देते. पुन्हा तान, पुन्हा उत्तर. आपल्या सवाल-जवाबाच्या परंपरेत वाढलेल्या कानाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. आर्मस्ट्राँग तेव्हा अशा बहरात होते की समोरचा वादक दबून जावा. जॉन्सन दबत नाहीत, आणि पुढे घुसतही नाहीत.

ऑक्टोबर १९२८, न्यूयॉर्क. ड्यूक एलिंग्टन यांचा मोठा ताफा, लिहिलेले संगीत, ठरलेल्या जागा. 'द मूच' आणि 'हॉट अँड बॉदर्ड' या रेकॉर्डमध्ये जॉन्सन यांची गिटार आहे. एलिंग्टन यांच्या ताफ्यातले वाद्यवृंदाचे गडद रंग आणि त्यामध्ये हा एकेरी, धारदार तंतूचा आवाज. हे काम आर्मस्ट्राँगच्या कामाहून पूर्ण वेगळे होते.

आणि याच सुमारास तिसरे काम होते टेक्सास अलेक्झांडर यांच्या साथीचे. हे शेतात राबताना गातात तसे गाणारे गायक होते. स्वतः कोणतेही वाद्य वाजवत नसत, आणि मात्रांचा हिशेब त्यांना मान्य नव्हता. ओळ कधी लांबवतील, कधी मध्येच तोडतील, नेम नाही. चांगले चांगले वादक त्यांच्यापुढे गोंधळत. जॉन्सन त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून थांबत, ओळ संपली की लहानशी तान टाकून ती जागा भरत आणि पुन्हा थांबत. भगवंतांनी सोण थेरांना वीणेच्या तारांचे उदाहरण दिले होते ते सर्वांना माहीत आहे, तार फार ताणली तरी नको, फार सैल सोडली तरी नको. साथ करणाऱ्याला हे रोजच्या कामात, दर ओळीला करावे लागते. आमच्या मते जॉन्सन यांची सर्वांत अवघड कामगिरी आर्मस्ट्राँगबरोबरची नव्हे, ही आहे. तिची वाहवा फारशी कोणी करत नाही, कारण चांगल्या साथीचा गुणच असा की ऐकणाऱ्याला गायक तालात आहे असे वाटते.

व्हिक्टोरिया स्पायव्ही यांच्याबरोबर त्यांनी द्वंद्वगीते केली. १९२९ साली बेसी स्मिथ यांच्या मंडळीबरोबर दौरा केला. काळ्यांच्या नाट्यगृहांची एक साखळी तेव्हा दक्षिणेत होती. तिथले पैसे, राहण्याची सोय आणि वागणूक इतकी वाईट की त्या साखळीच्या नावाच्या आद्याक्षरांचा अर्थ कलावंत आपापसांत, काळ्या कलावंतांचे हाल, अशा प्रकारे लावत. गावात काळ्यांना खोली देणारे हॉटेल नसे, म्हणून नाटकवाल्यांची सोय कोणाच्या तरी घरी व्हायची. आंबेडकरी जलशांच्या मंडळ्याही वस्तीतल्याच कोणाच्या तरी घरी उतरत.

एडी लँग यांच्याबरोबरच्या जुगलबंद्या याच दोन वर्षांतल्या. 'टू टोन स्टॉम्प', 'अ हँडफुल ऑफ रिफ्स', 'गिटार ब्लूज', 'बुल फ्रॉग मोन'. लँग बहुतेक वेळा खालचे सूर आणि ठेका सांभाळतात, जॉन्सन वर उडतात. गोरा साथीला, काळा पुढे. बाहेरच्या जगात असे बसणे त्या काळी कुठेच शक्य नव्हते, आणि तबकडीवर ते लपवून ठेवावे लागले. लँग यांच्याविषयी जॉन्सन शेवटपर्यंत आदराने बोलत. मार्च १९३३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर लँग तिशीतच वारले.

जॉन्सन राजकीय गाणारे नव्हते हे वर म्हटले. त्यांच्या कित्येक ब्लूजमध्ये बायकांविषयी जे बोलले आहे ते ऐकवत नाही, हेही सांगायला हवे. त्याला काळाचे निमित्त देऊन आम्ही झाकणार नाही, कारण त्याच काळात बेसी स्मिथ आणि व्हिक्टोरिया स्पायव्ही पुरुषांना खडे बोल सुनावत होत्या. पण एक गाणे वेगळे आहे. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला महापूर आला. बांध फुटले, लाखो माणसे बेघर झाली. काळ्या शेतमजुरांना बंदुकीच्या धाकाने बांधावर राबवले गेले आणि मदत छावण्यांतून बाहेर पडायलाही बंदी घातली गेली, कारण मजूर निघून गेले तर जमीनदारांचे कापसाचे मळे कोण करणार? मार्च १९२८ मध्ये जॉन्सन यांनी 'ब्रोकन लेव्ही ब्लूज' रेकॉर्ड केले. त्यातला माणूस आपल्याला पोलिसांनी कसे हाकलले, कोंडले हे सांगतो आणि बांधावर राबायला नकार देतो. घोषणा नाही, आवाज चढवलेला नाही. पूर किंवा भूकंप आला की मदतीची रांग जातीनुसार कशी लागते, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. रेस रेकॉर्ड्सच्या त्या वेगळ्या यादीत, मालक ऐकत नव्हते अशा जागी, हा नकार ७५ सेंटला विकला जात होता.

मग मंदी आली. १९२७ साली अमेरिकेत वर्षाला दहा कोटींच्या आसपास तबकड्या खपत होत्या. १९३२ साली हा आकडा ६० लाखांवर आला. आधी बंद झाल्या त्या काळ्यांच्या याद्या. जॉन्सन क्लीव्हलंडला गेले. थोडे रेडिओवर वाजवले, पण पोटासाठी टायरच्या कारखान्यात आणि पोलादाच्या कारखान्यात काम केले. आर्मस्ट्राँगला उत्तर देणारे हात भट्टीवर. १९३७ नंतर शिकागोत पुन्हा जम बसला, डेका आणि ब्लूबर्ड या कंपन्यांसाठी रेकॉर्डिंग झाले. हा काळ आम्ही झटकन ओलांडतो, कारण त्यात नवे थोडे आणि टिकून राहणे जास्त होते.

१९४८ साली मात्र अचानक काही घडले. सिनसिनाटीच्या किंग कंपनीसाठी त्यांनी 'टुमॉरो नाइट' हे जुने, संथ प्रेमगीत म्हटले. ते ब्लूज नव्हते. न्यू ऑर्लिन्सच्या मेजवान्यांत म्हणायचे तसले गाणे. ते बिलबोर्ड साप्ताहिकाच्या रेस रेकॉर्ड्सच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि गोऱ्यांच्या सर्वसाधारण यादीतही शिरले. जून १९४९ मध्ये बिलबोर्डने त्या यादीचे नाव बदलून रिदम अँड ब्लूज केले. यादी वेगळीच राहिली, पाटी तेवढी सभ्य झाली. एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९५४ साली हेच गाणे रेकॉर्ड केले. रंगाच्या त्या भिंतीपलीकडे पुढे काय मिळत गेले, ते सगळ्यांना माहीत आहे.

१९५२ साली ते पुन्हा इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील त्या कार्यक्रमात टोनी डोनेगन नावाचा एक तरुणही होता. त्याने जॉन्सन यांच्यावरून आपले नाव लॉनी डोनेगन करून घेतले. पुढे या लॉनीने स्किफल नावाचे साधेसुधे गिटार-संगीत इंग्लंडभर पसरवले आणि लिव्हरपूलमधल्या जॉन लेनन नावाच्या मुलाने ते ऐकून पहिला ताफा जमवला. म्हणजे नाव इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. माणूस फिलाडेल्फियाला परत आला आणि काही वर्षांत बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलमध्ये सफाई कामगार म्हणून लागला.

इथे आम्ही जरा थांबतो. दिवसा झाडू आणि रात्री गाणे, किंवा पालिकेत सफाईची नोकरी आणि सुटीच्या दिवशी भीमजयंतीच्या मंचावर ढोलकी, असे संसार आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणून जॉन्सन हॉटेलात झाडू मारत होते हे वाचून गोऱ्या रसिकांना जसा धक्का बसला तसा आम्हाला बसत नाही. आम्हाला विचारावेसे वाटते की १९४८ च्या त्या सात आठवड्यांचा पैसा कोणाकडे गेला.

१९५९ साली ख्रिस अल्बर्टसन या रेडिओवरील निवेदकाने त्यांना शोधून काढले. जुने बँजो-गिटारवादक एल्मर स्नोडेन यांच्याबरोबर १९६० साली 'ब्लूज अँड बॅलड्स' ही लाँग प्ले निघाली. स्नोडेन म्हणजे ज्यांच्या ताफ्याचे नेतृत्व पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे गेले ते. तेही त्या वेळी एका पार्किंगच्या जागेवर गाड्या सांभाळत होते. दोन म्हातारे बसून वाजवतात आणि कुठेही कीव करायला जागा ठेवत नाहीत.

यानंतर जे झाले ते आम्हाला सर्वांत बोचते. गोऱ्या विद्यापीठीय तरुणांमध्ये तेव्हा लोकसंगीताची लाट होती. त्यांना हवा होता खेड्यातला, फाटक्या कपड्यातला, लाकडी गिटार घेतलेला, दुःख गाणारा काळा म्हातारा. जॉन्सन आले ते नीटनेटका कोट घालून, इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि म्हणू लागले प्रेमगीते. ते शहरात वाढले होते, तीस वर्षांपूर्वी एलिंग्टनबरोबर वाजवले होते. रसिकांचा विरस झाला. समीक्षकांनी नाके मुरडली. आधी बाजाराने म्हटले, तू काळा आहेस, ब्लूजच म्हण. आता चाहत्यांनी म्हटले, तू काळा आहेस, ब्लूजच म्हण, आणि गरिबासारखा म्हण. आपल्या कवीने निसर्गावर लिहिले, आपल्या गायकाने नुसती गझल म्हटली की भुवया उंचावणारे आपल्याही सभागृहांत असतात. त्यातले काही बाहेरचे असतात, काही आपलेच. जॉन्सन यांनी वाद घातला नाही. कार्यक्रमात ब्लूज म्हटले आणि मधूनमधून प्रेमगीतेही म्हणत राहिले.

१९६३ साली अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलच्या ताफ्यात मडी वॉटर्स, ओटिस स्पॅन यांच्यासह त्यांनी युरोपचा दौरा केला. १९६५ मध्ये कॅनडातील टोरोंटोला कार्यक्रमासाठी गेले आणि तिथेच राहिले. यॉर्कव्हिल भागात स्वतःचा होम ऑफ द ब्लूज हा क्लब काढला, तो चालला नाही. पण शहराने त्यांना आपले मानले. मार्च १९६९ मध्ये पदपथावरून चालताना एका मोटारीने त्यांना धडक दिली. मग पक्षाघाताचा झटका आला. त्यांच्यासाठी कलावंतांनी मदतीचा कार्यक्रम केला. २३ फेब्रुवारी १९७० रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये त्यांना हाताला धरून मंचावर आणले गेले. तरुण बडी गाय गिटारवर साथीला होते. जॉन्सन यांनी दोनेक गाणी म्हटली. सभागृह उभे राहिले. १६ जून १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी : हे सगळे आता इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळते. आधी 'हॉटर दॅन दॅट' ऐका, मग 'ब्रोकन लेव्ही ब्लूज', मग 'टुमॉरो नाइट'. हेडफोन लावून 'अ हँडफुल ऑफ रिफ्स' ऐका आणि दोन्ही गिटारा कानाने वेगळ्या काढा. वरची जॉन्सन यांची. खालची त्या ब्लाइंड विली डनची.